शेंडीवाल्याचा नेम

चि. बालकृष्णा,

मी तिरुभुवनम्‌ला विणकरांच्या सोसायटीत चाललों. तूं उठायच्या आंत गेलेलं बरं. रात्रीं फुटबॉल वर्ल्डकपच्या फायनलच्या वेळीं मीच म्हणालों होतों, इटलीच्या त्या शेंडीवाल्यानं पेनल्टीत गोल मारला तर तूंही आपली शेंडी ठेव. चुकला तर सकाळीं सलूनला जा. त्या गाढवानं चेंडू दांड्यावरून आभाळांत धाडला! माझा शब्द म्हणजे शब्द. पण सोमवारीं केस कापूं नयेत, हें तेव्हां ध्यानांत आलं नाही. उद्यां मंगळवार, सलून बंद. शिवाय तमिळांचा आडी महिना लागला, त्यांत शुभकार्य करीत नाहीत. आणि तुझे केस कापणं हें ह्या घरांतलं मोठंच शुभकार्य. अम्मेला विचारूं नकोस, ती हसते. तोंवर शेंडी घट्ट बांधत जा. त्याची सैल होती, म्हणूनच नेम चुकला.

अप्पा