सत्तेचाळीस अंशांवर

नाना, आज सकाळी धुळ्याच्या तपासणी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. आमच्या नमुन्याचा वितळणबिंदू त्यांच्याकडेही सत्तेचाळीसच आला. म्हणजे माझं बरोबर होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फोन ठेवल्यावर आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

मी आता जळगावला एका रसायनांच्या कारखान्यात तपासणीला आहे. गेल्या महिन्यात एका पांढऱ्या भुकटीचे ड्रम आले. पुरवठादाराच्या कागदावर वितळणबिंदू अठ्ठावन्न. तेवढा असेल तर माल साध्या पत्र्याच्या गोदामात ठेवतात, आणि तसा सुरक्षा अहवाल माझ्या सहीने जायचा होता. माझ्याकडे मात्र भुकटी सत्तेचाळीसलाच ओघळायला लागली. वितळली की ती झाकणातून झिरपते, अंगावर पडली तर कातडी सोलते. मॅनेजर म्हणाले, "नमुना ओला असेल मॅडम. वाळवा, पुन्हा बघा." वाळवला, तीनदा पाहिला. तेच. मग गोदामात गेले. तिथले हमालभाऊ सोनगीरकडचे. उन्हाळ्यात आत किती तापतं, असं विचारलं तर हसले. "ताई, मे महिनामा आठे भट्टी शे, भट्टी. आम्हीच वितळी जातस, तुमनी पावडरनं काय!" ते ड्रम उचलणारे हात त्यांचेच.

तेव्हा कॉलेजातलं तुमच्या तासाचं ते प्रॅक्टिकल आठवलं. तुम्ही बेंझॉइक आम्लाची बाटली टेबलावर ठेवली आहे. आम्ही सगळे भराभर बर्नर पेटवतो आणि जर्नलमध्ये पुस्तकातला आकडा उतरवतो, एकशे बावीस. तुम्ही एकेक जर्नल चाळता, माझ्यापाशी थांबता. "उत्तर बघून थर्मामीटर वाचतेस? मग तो तापवलास कशाला?" आणि सगळ्या वर्गाला सांगता, की बाटलीत तुम्ही सकाळीच दुसरी पूड मिसळली होती; भेसळ झाली की पदार्थ आधीच वितळतो, ते एकशे बावीसला वितळणं शक्यच नव्हतं. मला रडू फुटलं. वर्ग सुटल्यावर तुम्ही थर्मासमधला चहा दोन कपांत ओतलात आणि शेजारी स्टूल ओढून बसलात. "शेवटचे दहा अंश घाई नको. मिनिटाला एक." त्या संध्याकाळी मला एकशे नऊ दिसलं. पुस्तकात नसलेला, माझा पहिला आकडा.

ड्रममधला माल शुद्ध नाही, असं धुळ्याच्या बाईंचंही म्हणणं आहे. पण नाना, गोदामात शुद्ध माल नाही, हाच माल राहणार आहे. अहवालात मी एवढंच लिहिलं.

हा कागद टेबलाच्या खणातच राहील, म्हणून सांगून टाकते. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस दिसल्यावर मी वहीत आधी पेन्सिलीने अठ्ठावन्न लिहिलं होतं. जेवून आल्यावर खोडलं. आज दुपारी माझ्या सहीखाली मॅनेजरांनीही अहवालावर सही केली. सोमवारपासून ड्रम थंड खोलीत हलवतील. ऊन चढायच्या आत गोदाम रिकामं होईल, असं हमालभाऊ म्हणतात.