कुलपात तीर्थ

८ जानेवारी, सकाळ
उणे बावीस. इटलीहून रेमुस दाजींचा फोन. म्हणाले, तिबी, ताईला कधीही कळा सुरू होतील, गाडी तयार ठेव. घाटात बर्फ पडलं की अँब्युलन्स येत नाही, माहितीये ना? मी म्हणलं, दाजी, काळजीच सोडा. लायसन आहे माझ्याकडे. एकट्याने घाट अजून उतरलो नाही, पण ते त्यांनी विचारलं नाही.

दुपार
गाडीची किल्ली कुलपात जाईना. आत बर्फ. तोंड लावून फुंकर मारली. ओठ दाराला चिकटले. शेजारचे गाव्रिल काका कुंपणावरून ओरडले, काय रे, लाजाळू, मुली सोडून गाडीची पप्पी घेतोस? उत्तर देणार होतो, पण ओठ मोकळे नव्हते.

९ जानेवारी
काकांनी परत कुंपणावरून उपाय सांगितला. कुलपात घरची त्सुइका ओत. प्लमची दारू. मेलेला माणूस उठतो, कुलूप कोण लागून गेलं? मान हलवली. कोठीतून बाटली आणली, अर्धी ओतली. वास आला नाही, मला सर्दी आहे. उद्या दार लोण्यासारखं उघडणार.

१० जानेवारी
कुलपाचं भोकच गायब. तिथे काचेसारखा गोळा.
आई कोठी उपसतेय. सणाला चर्चमधून आणलेलं तीर्थ कुठंय, म्हणाली. मी म्हणलं, कुठलं? तेच रे, त्सुइकाच्या रिकाम्या बाटलीतलं.
सांगावं लागलं. आईने तीनदा क्रॉसची खूण केली. म्हणाली, मेल्या, देवाला कुलपात कोंडलंस! सान्दा ताई पोट धरून हसली. म्हणलं, बाई, हसू नको, कळा सुरू होतील.
एका अर्थी बरंच झालं. पाद्रीबाबा गाडीवर नुसतं शिंपडतात. इथे आतून अभिषेक.

११ जानेवारी
पक्का प्लॅन: हेअर ड्रायर. आमची वायर अंगणापर्यंत पुरत नाही. काकांकडे लांब आहे. मागायला कुंपणापर्यंत गेलो. त्यांच्याकडे पाहुणे होते, म्हणजे आवाज आले. परत आलो. उद्या नक्की.
झोप नाही. डोळे मिटले की घाटातलं ते वळण, कठडा नसलेलं. आणि मागच्या सीटवर ताई ओरडतेय. खरं सांगायचं तर कुलूप बंद आहे तोवर कोणी मला...
असो. हे लिहायचं नव्हतं.

१२ जानेवारी
काकांकडे आज कोणी नव्हतं. पण जेवायची वेळ होती. नंतर त्यांची झोपायची वेळ. ताईने विचारलं, झालं का? म्हणलं, जवळपास. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१३ जानेवारी, संध्याकाळ. ब्रशोव, हॉस्पिटल
सकाळी ताई स्वयंपाकघरात टेबल धरून उभी. म्हणाली, तिबी, चल. मी म्हणलं, कुलूप. ती बर्फातून गाडीपाशी गेली आणि मागचं दार ओढलं. करकरत उघडलं. ते लावलेलंच नव्हतं. म्हणाली, पाच दिवसांत याला एकदा तरी हात लावलास का रे?
मी मागून चढून पुढे गेलो, आतून धक्का देऊन पुढचं दार उघडलं. (हे तरी माझ्यामुळे झालं.) ताई शेजारी, आई मागे प्रार्थना करत. इंजिन सुरू. पण क्लच पायाखालून एकदम सुटला. गाडी बंद पडली. परत बंद. परत.
ताई म्हणाली, सरक.
चालवलं तिने. कळ आली की कडेला थांबायची, दात आवळायची, परत गिअर टाकायची. मी शेजारी बसून वळणं सांगत होतो. डोळे मिटलेले होते, पण वळणं मला पाठ आहेत.
हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन पळत आला. ताईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला खांद्याला धरून बसवलं. ताई शेजारून चालत आली.
मुलगी झाली. दोघी छान आहेत. माझं ब्लड प्रेशर अजून मोजतायत.