यार्कोदादाच्या अल्बमबद्दल मंडळाचं म्हणणं

नुर्मेस, फिनलंड, बुधवार दुपार

तीर्थस्वरूप यार्कोदादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे पाउलाचा, नमस्कार. (तीर्थस्वरूप लिही असं आईने बजावलं म्हणून. माझ्या मनात वेगळं विशेषण होतं.) गुडघा कसा आहे? तळ्याकाठच्या त्या खोपटात फोन बंद करून बसला आहेस, डासांनी तुझं काही शिल्लक ठेवलं आहे का? आई बरी आहे. दिवसातून चारदा विचारते, शनिवारी यार्को गाणार का? मी म्हणते, त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

तुझा निरोप मिळाला. मंडळाला अल्बम ऐकवायचा, कोण काय बोललं ते न लपवता कळवायचं, मग तू ठरवणार, शनिवारी उन्हाळी जलशात स्टेजवर चढायचं की गाणं कायमचं सोडायचं. वा रे वा! बावीस वर्षं बँडमध्ये घसा फाडून ओरडलास तेव्हा कुणाला विचारलं नाहीस, आणि आता एकट्याने हळू आवाजात दहा गाणी म्हटलीस तर लगेच चाहत्यांचा कौल हवा. तो आणायचा कुणी? मी. (मी तुझ्या चाहत्यांच्या मंडळाची चिटणीस का झाले, आठवतंय ना? गावच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते म्हणून. दुसरी काही लायकी नव्हती.)

तर काल संध्याकाळी मला धरून तेवीस जण जमले. बूट दारात काढून, काळ्या टी-शर्टांत, नुसत्या मोज्यांवर ओळीने बसले. तू पाठवलेल्या सीडींपैकी एक मी लावली. पहिलं गाणं संपलं, कुणी हललं नाही. दुसऱ्यात नुसती पायपेटी आणि तू. तिसऱ्याला रेइयोने डोळे मिटले, आणि मी त्याच्यावरच नजर ठेवली. कारण रेइयो आपला अध्यक्ष, मानेपासून कमरेपर्यंत तुमच्या बँडचं नाव गोंदवून घेतलेला ट्रकवाला. तो बोलेल तेच निम्मं मंडळ बोलणार. सातव्या गाण्याच्या वेळी मी कॉफी ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा आठवं चालू होतं. शेवटचं गाणं संपल्यावर सगळे उठून कॉफीपाशी गेले आणि बारा मिनिटं (घड्याळाकडे बघण्यावाचून मला दुसरं काम नव्हतं) एक अक्षर कुणी बोललं नाही. तूही इथलाच आहेस. आपल्याकडे पसंती असली तरी माणसं गप्प बसतात आणि कुणी गेलं तरी गप्पच बसतात. हे त्यातलं कुठलं, मला काही केल्या कळेना.

शेवटी रेइयोने वेलचीचा पाव खाली ठेवला आणि म्हणाला, "गिटार कुठे गेली? मी काय आता पाठ सोलून पायपेटी गोंदवून घेऊ?" झालं, बांध फुटला. तो तइस्तो, जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवतो तो, तक्रार करायला उभाच राहिला. म्हणे, बँडच्या गाण्यांवर दिवसाला चार गाड्या लाकूड निघतं, याचं चौथं गाणं लागलं तर मला यंत्र बंद करून डोळे पुसावे लागतील, मुकादमाला काय सांगू? आणि आपल्या शाळेच्या मार्केत्ताबाई, कानात कापूस घालून तुझ्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या! म्हणाल्या, "बावीस वर्षं शब्द कळत नव्हते तेच बरं होतं गं. या पोराच्या मनात एवढं होतं, आणि मी त्याला पाढ्यांसाठी कोपऱ्यात उभं करत होते." एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं की रडायचं असेल तर चर्चमध्ये जा, हे रॉकचं मंडळ आहे. मग काय विचारतोस! वीस वर्षं एका सौनात वाफ घेत बसलेली माणसं एकमेकांना अहोजाहो करायला लागली.

मतदान घ्यावंच लागलं. मंडळाच्या सौनात फक्त बँडच्या रेकॉर्डी वाजतात असा नियम आहे. तुझ्या अल्बमला आत घ्यायचं की नाही, हा ठराव. गुप्त चिठ्ठ्या. अकरा बाजूने, अकरा विरुद्ध, एक कोरी. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक, म्हणून सगळे रेइयोकडे बघायला लागले. त्याने बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाला, "शनिवारी तो समोर उभा राहून गाऊ दे. मग सांगतो."

तेव्हा हा तुझा कौल. घे आणि बस. दुकानवाला उद्या तुझ्या बाजूला गाडी घेऊन जातो, त्याच्याकडे पत्र देते आहे. सोबत आईने भात भरलेल्या ताज्या पिरक्का दिल्या आहेत, सगळ्या एकदम खाऊ नकोस. माझं मत विचारू नकोस, मी फक्त चिटणीस आहे.

तुझी बहीण,
पाउला

ता. क. आज सकाळी रेइयोचा ट्रक दुकानाबाहेर उभा दिसला. काचा बंद, आत पायपेटी चाललेली (काल हॉलमधून तुझी एक सीडी त्यानेच नेली असणार). मला बघितल्याबरोबर गड्याने झटकन बँडची सीडी लावली.

ता. क. २. ती कोरी चिठ्ठी माझी. सातवं गाणं बाबांच्या होडीवर आहे हे मला कव्हरवरच्या नावावरून आधीच कळलं होतं, म्हणून मी मुद्दाम कॉफीला गेले. बाबांच्या अंत्यविधीला तू उशिरा आलास, मागे उभा राहिलास आणि विधीनंतरच्या कॉफीला न थांबता निघून गेलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आणि जे तुला माझ्याशी बोलता आलं नाही ते सगळ्या गावाला सांगतोस? मला राग आला होता, अजूनही आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवून झालं होतं, फाडून लिहिते आहे. गाडीत बसून सातवं ऐकलं. दोनदा. दादा, होडी निळी नव्हती रे. तू बँडबरोबर गेलास तेव्हा होती निळी. त्याच वसंतात बाबांनी ती हिरवी रंगवली. म्हणाले, यार्को आला की धक्क्यावर उभा राहून आधी हेच विचारेल, रंग का बदलला. तू घरी येत राहिलास, पण धक्क्यापर्यंत कधी गेलाच नाहीस. होडी हिरवी होती. शनिवारी म्हणताना तेवढं नीट म्हण.