सम्यकची शपथ

मुकुंदवाडी,
४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. विशाखाताईस,
सुयशचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पाकीट बघून दचकू नको. संस्कृतीनं मला ब्लॉक केलं त्या दिवशी मी फोन भिंतीवर आपटला, आणि आईच्या फोनवर बोलावं तर ती कान लावून शेजारी बसती. कॉलेज सोडलं म्हणून तू रागावलीस, पण ज्या वर्गात ती दुसऱ्याच्या बाकावर बसती, तिथं मी काय अकाउंट्स शिकणार? असो. हे पत्र तिच्यासाठी नाय, शेजारच्या मनकर्णाकाकूच्या सम्यकसाठी आहे.

नववीतलं पोर, बटन खातंय. झोपेच्या गोळ्या, नशेसाठी. इथं पोरं त्याला बटनच म्हणतात. काकूनं त्याला फोनवर बटन मागताना ऐकलं, आणि बाजारातून शर्टाची बटनं आणून त्याच्या सगळ्या शर्टांना नव्यानं टाचली. मला दाखवून म्हणाली, लेकरू माझ्याकडं तोंडानं मागत नाय. ताई, मला लई भरून आलं. विकणाऱ्याचे दात पाडायला निघालो होतो, दोस्त कडुबानं धरून ठेवलं. तू शाळेत व्यसनमुक्तीचे तास घेतेस. काय करू, सांग.

धाकट्यावर जीव असू दे.
तुझा
सुयश

---

सिल्लोड,
८ ऑगस्ट २०२५

चि. सुयश यास,
अनेक आशीर्वाद.

दात पाडलेस तर दुसरा विकणारा येईल आणि तू कोठडीत जाशील. संस्कृतीच्या बाबतीतही तुझा हाच उपाय होता. काय झालं ते बघतोसच.

खरं सांगू? आमच्या तासांनी फार काही होत नाही. अमली पदार्थ म्हणजे काय, असं विचारलं तर एका मुलीने चिंच घातलेले पदार्थ असं लिहिलं. तिला इमली ऐकू आलं होतं! पण शपथेचा परिणाम होतो. परिपाठाला पाचशे मुलं माझ्यामागून म्हणतात, तेव्हा अंगावर काटा येतो. तीच शपथ माझ्या हाताने लिहून सोबत पाठवते: आजपासून एकही गोळी तोंडात घालणार नाही, कुणीही दिली तरी नाही. घरातल्या बुद्धमूर्तीसमोर सम्यककडून म्हणून घे. काकूला इतक्यात सांगू नकोस. तो माझं ऐकतो.

राग आवर, माया आवरू नकोस.
तुझी
ताई

---

मुकुंदवाडी,
१८ ऑगस्ट २०२५

ताईस जय भीम.

संस्कृतीचं नाव आज घेत नाय. सम्यक दवाखान्यात आहे हे तुला फोनवर कळलंच, बाकीचं इथं लिहितो.

त्यानं शपथ पाळली. हात थरथरायचे, झोप नाय, घामानं गादी ओली, पण गोळी नाय. मी शाबासकी देत होतो. तिसऱ्या दिवशी जेवताना फिट आली, काकूसमोर ताटातच पडला. दुसरी फिट रिक्षात आली. डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या, की ही गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवायची असते. तुम्हाला कुणी शिकवलं नाही का? मी तुझं नाव घेतलं नाय.

आता ते उतरवायची गोळी देतात, तर पोरगं दात आवळून बसलंय. शपथ मोडंल म्हणतो. काकू त्याच्या पाया पडली. फोनवर तू रडून सांगितलंस, तरी त्याला वाटतं आम्हीच तुला पढवलं. शपथ ताईच्या अक्षरात होती, सोडवणूकही तिच्याच अक्षरात पाहिजे म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, सुईवर किती दिवस काढणार? कडुबाला मोटारसायकलवर पाठवतोय, त्याच्याच हाती लिहून दे.

तुझ्यावर लई राग आहे. तरी तूच पाहिजेस.
सुयश

---

सिल्लोड,
१८ ऑगस्ट २०२५

चि. सम्यक यास,
पोटभर आशीर्वाद.

अक्षर नीट बघ, माझंच आहे. मी मागून एसटीने येतेच, पण हे आधी पोचू दे.

तुला दिलेली शपथ चुकीची होती. मी स्वतः पुरतं न शिकता ती दिली. ती मी मागे घेते. डॉक्टर देतील ती गोळी घे, ते सांगतील तशी कमी कर. याला मोडणं म्हणत नाहीत.

शाळेत पाचशे मुलांनी ती माझ्यामागून म्हटली. आधीपासून कोण काय घेतंय, हे मी एकालाही विचारलं नाही. त्यांतलं कुणी तुझ्यासारखं ती खरी मानून बसलं असेल, तर ते आज कुठल्या खोलीत थरथरतंय, मला माहीत नाही. तू कुठे आहेस, तेवढं मला माहीत आहे.

तोंड उघड, बाळा.
तुझी
विशाखाताई