लेड क्लोराइडच्या सुया

जव्हार, १४ डिसेंबर १९९९, संध्याकाळ

त्या सुया अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. प्रयोगाआधी माझ्या टेबलावरच्या कमलशी पैज लागली होती, हरणारीने उद्या होस्टेलवर दुसरीची आंघोळीची बादली भरायची. मी म्हटलं, क्लोराइडं पाण्यात विरघळतात, पण लेडचं नाही, नियमच आहे. ती म्हणाली, विरघळंल. गार पाण्यात पांढरी भुकटी तळाशीच बसली. मी मनातून खूश. तर कमल परीक्षानळी दिव्यावर धरून म्हणते, "पेज पन गार झाली का घट्ट होते, ऊन केली का सुटते." आणि भुकटी दिसेनाशी झाली. मला रागच आला. मग नियम पाठ कशाला केला? सर येईपर्यंत नळी पुन्हा गार, आणि आत बारीक, चमकणाऱ्या सुया. सरांना विचारलं, कोण जिंकलं? "दोघी. नियम गार पाण्याचा आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मग बादली कुणी भरायची? मीच भरीन. या थंडीत मुद्दाम गार पाणी देणार होते, खरं सांगायचं तर. पण ऊन करूनच देईन. माझ्या नियमाने मला सुया कधीच दिसल्या नसत्या.