न आलेले पेशंट

सर, तुम्ही मला खोडायला लावलेले दोन शब्द आज दुपारपासून डोक्यातून जात नाहीयेत. हर्नियाच्या ऑपरेशनांचं तुमचं ते जाडजूड रजिस्टर. वर्षभरात पुन्हा तोंड न दाखवलेल्या एका पेशंटपुढे मी 'माहीत नाही' लिहिलं होतं आणि तुम्ही अख्ख्या वॉर्डासमोर मला झापलंत. "माहीत नाही म्हणजे काय? दुखलं असतं तर पडावाच्या बस-स्टँडवर उतरून सीधा इथेच आला असता. ठीक लिही." मी 'ठीक' लिहिलं. तेव्हा ते खरंही असेल. दुसरीकडे जायला होतं तरी कुठे?

तुम्ही वारल्यावर ते रजिस्टर मीच संगणकावर चढवलं. आता त्याच्या आधारावर आम्ही एक चाचणी चालवतो. पेशंटच्या पोटात हर्निया अडवायला जुन्या प्रकारची जाळी बसवायची की नवी, हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. पुढे कोणाला त्रास झाला ते त्याच नोंदींवरून कळतं, घरोघरी माणूस धाडावा लागत नाही. तुम्ही खूश झाला असता. मीही होते. नवी जाळी फारच चांगली दिसत होती, इतकी की माझा विश्वास बसेना. मग एकेक नोंद उघडून पाहिली. वर्षभर न आलेल्याच्या नावापुढे संगणक आपोआप 'ठीक' लिहितो. तो नियम मीच घातलाय, तुमच्याकडून शिकलेला. आणि न आलेल्यांत नव्या जाळीचेच जास्त आहेत.

ओपीडी आटोपल्यावर फोन लावायला बसले. पहिला नंबर बंद. दुसरा म्हणाला, जखम पिकली होती, झाशीला जाऊन जाळी काढून घेतली, "आपको क्या तकलीफ देते, मैडम." तिसरा फोन बायकोने उचलला. "वो तो नहीं रहे. होली से पहले ही. पेट में मवाद पड़ गया था." पोटात पू झाल्याचं ती शांतपणे सांगते आहे, मी पडद्याकडे बघते आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या नावापुढे 'ठीक' आहे. चौथा नंबर मी लावला नाही. मला भीती वाटते, सर. आणि तुमचा रागही येतो, तुम्ही असे निश्चिंत निघून गेलात म्हणून.

चाचणी थांबवायची तर तिच्यावर देखरेख करणाऱ्या समितीला आजच कळवायला हवं, आणि नियम कोणी घातला तेही सांगायला हवं. तो कागद कोराच आहे. हे मात्र भराभर लिहून होतंय, कारण हे कुठे पाठवायचं नाही.

उद्या सकाळची पहिली केस गोरखी मोहल्ल्यातले एक निवृत्त मास्तर आहेत, आपलेच मराठी. त्यांच्या चिठ्ठीत नवी जाळी निघाली आहे. फोन ठेवून मी राउंडला गेले तर हसत विचारतात, "डॉक्टरीणबाई, माझ्या वाट्याला चांगलीवालीच आली ना?"

मी हो म्हटलं.