अकोला पासिंगची गाडी

१३ फेब्रुवारी २०१५
गाडी आणली! सत्तारभाईकडून, भाड्यानं. पांढरी, मागं डिक्कीवाली. परवा अकोल्याला मुलगी पाहायला जायचंय. आपला छोटा हत्ती टेम्पो नेला तर फुलांची गाडी म्हणून लोक दारातच भाव विचारतील, असं सूर्यभानमामांचं म्हणणं. शेती करणाऱ्याला हल्ली कुणी मुलगी देत नाही. आजवरचे माझे सगळे नकार त्याच कारणानं आले.

मामांची ताकीद— "गाडी कोनाची, हे तू बोलाचं नाई. मी पाहीन काय सांगाचं ते."

नंबर एमएच-३०, अकोला पासिंग. सत्तारभाई म्हणाले, "वहीं से ली. तीसरा गिअर जरा नखरे करता, प्यार से डालना."

१४ फेब्रुवारी
सरावाला बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. क्लच एकदम हलका. स्टिअरिंग बोटानं फिरतं. हत्तीत दोन्ही खांदे लागतात. खड्डा दिसला की सवयीनं दात आवळतो, आणि काही होतच नाही. बसायला मात्र फार खाली. तिसरा गिअर खरंच अडतो— न्यूट्रलला क्षणभर थांबायचं, मग हळूच ढकलायचं. आधीच्या मालकानं फार जपलेली दिसते. सीटवर एक डाग नाही.

१५ फेब्रुवारी
अकोला झालं. हायवेला ऐंशीवर आवाजसुद्धा नाही. मामा मूर्तिजापूरपर्यंत घोरत होते. जुन्या शहरातल्या गल्लीत मात्र घाम फुटला— गाडीचं नाक कुठं संपतं तेच कळत नाही.

मुलगी हर्षा. मोजकं बोलते. "शेवंतीले मावा पडला तं काय करता?" एवढंच विचारलं, पण माझं उत्तर पूर्ण ऐकलं. मला ती आवडली. वडील वामनराव. त्यांचं कृषी केंद्र होतं, ते बंद केलं. लागोपाठ पिकं बुडाली, बियाणं घ्यायला कोण येणार, म्हणाले. मामांनी कुणी न विचारताच सांगून टाकलं, "गाडी घरचीच हाय. शुभमनं फुलाईच्या पैशावर घेतली." वामनराव "बरं" म्हणाले. मी पोहे चिवडत बसलो. फार लाज वाटली.

निघताना हर्षाच्या आईनं संत्र्यांची पिशवी दिली. डिक्की उघडायला मी स्टिअरिंगखालचा खटका ओढला, तर पुढचं बॉनेट उघडलं. हर्षा आत वाकली, सीटच्या बाजूचा खटका ओढला, डिक्की उघडली. ती हसली नाही. वामनराव खिडकीशी आले. "तिसरा जोरानं टाकू नका," एवढंच म्हणाले.

यांना कसं कळलं? गल्लीत येताना आवाज ऐकला असेल.

१६ फेब्रुवारी
सकाळीच वामनरावांना फोन केला. गाडी भाड्याची आहे, माझ्याकडं फुलं वाहायचा छोटा हत्ती आहे, सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग— "सांगतलं ते बरं केलं." फोन ठेवला. संपलं!

दुपारी गाडी परत करायला गेलो. सहज विचारलं, ही कुणाकडून घेतली होती? सत्तारभाई म्हणाले, "जुने शहर के वामनराव. दुकान बंद पडी तो बेचनी पडी. चाबी देते वक्त बोले, तीसरा जोर से मत डालना."

तिथंच बाकड्यावर बसलो. म्हणजे त्यांनी गाडी दारातच ओळखली होती. आपल्याच गाडीत बसून आलेल्याला पोहे खाऊ घातले, आणि मामा बोलत असताना "बरं" म्हणाले. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "नाकारतीन आता." पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक.

१८ फेब्रुवारी
फोन नाही. झेंडू तोडला. संत्री अजून तशीच आहेत, खायचं मन होत नाही.

२० फेब्रुवारी
हत्तीला तिसरा टाकताना मधे उगाच थांबतो. याचा गिअर अडत नाही, तरी.

२२ फेब्रुवारी
वामनरावांचा फोन. होकार! अट एकच— "लग्नात तेच गाडी आनजा. पोरीले सासरी सोडाले चालवीन मी."